सिंगापूरला राहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी सिंगापूरला येऊ घातलेली मराठी कुटुंबे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बारा वर्षांच्या वास्तव्यात जे पाहिले आणि जे चुकून शिकलो, ते त्यात आहे. पगाराच्या अटी आणि शुल्के सरकार वरचेवर बदलते, म्हणून अर्ज करण्यापूर्वी संबंधित खात्याच्या संकेतस्थळावर आकडे पडताळून घ्यावेत. जे बदलत नाही ते आधीच सांगून ठेवतो. या शहरात प्रत्येक सोयीला मुदत आहे: कामाच्या परवान्याला, भाडेकराराला, गाडीला आणि विकत घेतलेल्या घरालासुद्धा. येथे जमिनीचीच इतकी टंचाई आहे की १९९८ पासून दफनाची जागाही १५ वर्षांसाठीच मिळते. पुढची बहुतेक उत्तरे या मुदतींच्या हिशेबाचीच आहेत.

कंपनीचे नेमणूकपत्र हातात आले आहे. आता राजीनामा द्यायला हरकत नाही ना?

हरकत आहे. नेमणूकपत्र कंपनी देते, पण काम करण्याचा परवाना मनुष्यबळ मंत्रालय देते, आणि दोन्हींमध्ये काही आठवडे जाऊ शकतात. उच्चशिक्षित नोकरदारांना लागणाऱ्या एम्प्लॉयमेंट पाससाठी जानेवारी २०२५ पासून किमान पगाराची अट महिना ५,६०० डॉलर झाली आहे (या लेखात डॉलर म्हणजे सिंगापूरचा डॉलर). ही अट सर्वांत तरुण उमेदवारांसाठी आहे. वयाबरोबर ती चढत जाते आणि पंचेचाळिशीला १०,७०० पर्यंत पोहोचते. बँका आणि वित्तसंस्थांसाठी ती आणखी वर आहे. पस्तिशी ओलांडलेली माणसे ५,६०० चा आकडा वाचून निर्धास्त होतात आणि अर्ज फेटाळला की चक्रावतात. शिवाय सप्टेंबर २०२३ पासून गुणांकनाची पद्धत आली आहे. त्यात उमेदवाराचा पगार आणि पदवी यांच्याबरोबर त्या कंपनीत आधीच एका देशाचे किती लोक आहेत, हेही पाहिले जाते. भारतीयांचा भरणा असलेल्या कंपनीतून अर्ज गेला तर त्या रकान्यात गुण मिळत नाहीत, आणि त्यात उमेदवाराचा काही दोष नसतो. मंत्रालयाचे तत्त्वतः मंजुरीचे पत्र आल्याशिवाय भारतातली नोकरी सोडू नये, घराचा ताबा देऊ नये आणि मुलांचे शाळेचे दाखले काढू नयेत.

परवाना किती वर्षांचा असतो? मध्येच नोकरी गेली तर?

पहिला परवाना जास्तीत जास्त दोन वर्षांचा आणि नूतनीकरण जास्तीत जास्त तीन वर्षांचे असते. परवाना तुमच्या नावाचा असला तरी तो त्या कंपनीपुरताच असतो. नोकरी संपली की कंपनी तो रद्द करते, त्यानंतर सामान्यतः ३० दिवस राहण्याची मुभा मिळते, आणि पत्नी व मुलांचे आश्रित परवानेही त्याच्याबरोबरच संपतात. त्या तीस दिवसांत नवी नोकरी शोधायची, नव्या कंपनीने नवा अर्ज करायचा, किंवा घर आवरून परतायचे.

याचा परिणाम रोजच्या जगण्यावर होतो. चाळिशीतला, दोन मुले असलेला, उत्तम पगाराचा माणूसही येथे दिवाणखान्यासाठी मोठा सोफा घेताना दोनदा विचार करतो. सहा महिन्यांचा घरखर्च, चौघांचे परतीचे भाडे आणि सामान पाठवण्याचा खर्च एवढी रक्कम बाजूला असावी, ही सूचना मी प्रत्येकाला करतो, आणि पहिल्या वर्षी ती कोणी मनावर घेत नाही. मी स्वतःही घेतली नव्हती.

पत्नीला किंवा पतीला सोबत नेता येईल का? त्यांना नोकरी करता येईल का?

नेता येते, पण त्यासाठी तुमचा निश्चित मासिक पगार किमान ६,००० डॉलर हवा. नोकरीच्या बाबतीत मात्र जुनी माहिती अजून फिरत असते. पूर्वी आश्रित परवान्यावरील जोडीदाराला साध्या संमतिपत्रावर नोकरी करता येत असे. मे २०२१ पासून ती सोय बंद झाली आणि आता जोडीदारालाही स्वतःचा स्वतंत्र कामाचा परवाना, त्याच्या पगाराच्या अटींसह, मिळवावा लागतो. पुण्यात पंधरा वर्षे शिक्षिका किंवा वकील म्हणून काम केलेल्या स्त्रीला येथे येऊन अचानक घरी बसावे लागते, ही गोष्ट नेमणूकपत्राच्या आनंदात कोणाच्या लक्षात येत नाही. निर्णय दोघांनी मिळून घ्यावा, आणि तो घेताना दोन वर्षे एकाच पगारावर भागेल का, याचा हिशेब कागदावर मांडावा.

चौघांच्या कुटुंबाला महिना किती खर्च येतो?

आमच्या ओळखीच्या घरांतला हिशेब ढोबळ मानाने असा आहे. सरकारी वसाहतीतील तीन शयनगृहांच्या घराचे भाडे ३,००० ते ३,६०० डॉलर, वीज-पाणी-गॅस २५० ते ३५०, किराणा-भाजी-दूध हजाराच्या आसपास, बस-रेल्वे दोनशे-तीनशे. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत दोन मुले घातली तर त्यांचे शुल्क घरभाड्याच्या जवळ जाते आणि गणित बिघडते ते तेथे.

प्राप्तिकर कमी आहे हे खरे. वर्षाला ९६,००० डॉलर करपात्र उत्पन्न असलेल्या रहिवाशाला सुमारे ५,२०० डॉलर कर बसतो. मात्र तो भारतासारखा दरमहा पगारातून कापला जात नाही. वर्षाअखेरीस हिशेब होऊन पुढच्या वर्षी एकदम बिल येते. पहिल्या वर्षी पूर्ण पगार खात्यात दिसतो, तो आपलाच समजून खर्च होतो आणि मग बिल पाहून धाप लागते. बारा हप्त्यांची सोय आहे, ती घ्यावी. भविष्यनिर्वाह निधी नागरिक आणि कायम रहिवाशांपुरता आहे. परवान्यावरील परदेशी माणसाच्या नावे कंपनी त्यात काही भरत नाही, त्यामुळे म्हातारपणाची तरतूद स्वतःलाच करावी लागते.

आणि कृपया प्रत्येक किंमत रुपयांत मोजू नये. कॉफीच्या प्रत्येक पेल्याला पासष्ट-सत्तरने गुणणारा माणूस सहा महिन्यांत कोणालाच नकोसा होतो.

‘एचडीबी’ म्हणजे काय? तेथे राहणे कमीपणाचे आहे का?

एचडीबी म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या वसाहती. येथील नागरिक आणि कायम रहिवाशांपैकी साधारण पाऊण भागाहून अधिक लोक तेथेच राहतात, त्यामुळे कमीपणाचा प्रश्नच येत नाही. खासगी संकुलात पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा आणि फाटकावर पहारेकरी मिळतो. एचडीबीत त्याच पैशांत मोठे घर मिळते आणि खाली उतरले की बाजार, दवाखाना, बसथांबा आणि स्वस्त खाणावळी असतात.

जाहिरात वाचताना एक गोंधळ हमखास होतो. येथे ‘थ्री-रूम’ म्हणजे तीन शयनगृहे नव्हेत. दिवाणखाना मोजून तीन, म्हणजे आपल्या भाषेत टू बीएचके. ‘फोर-रूम’ म्हणजे आपले थ्री बीएचके. एचडीबीच्या इमारतीचा तळमजला बहुधा मोकळा खांबांवर उभा असतो. त्याच जागेत शनिवारी मलय कुटुंबाचे लग्न लागते आणि पुढच्या आठवड्यात तेथेच एखाद्या चिनी आजोबांचे पार्थिव दर्शनासाठी ठेवलेले असते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी बिचकलो होतो. आता खुर्च्यांच्या मांडणीवरूनच कोणता प्रसंग आहे ते कळते.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बांधलेल्या घरांत जाड भिंतींची आणि पोलादी दाराची एक छोटी खोली असते. कायद्याने ती हवाई हल्ल्यापासून बचावासाठीची आहे. मराठी घरांत तिच्यात तांदळाची पोती, लोणच्याच्या बरण्या आणि गणपतीचे मखर राहते. तिला खिडकी नसल्याने दार मधूनमधून उघडे ठेवावे, नाहीतर मखराला बुरशी लागते.

भाडेकरारात नेमके काय पाहावे?

बहुतेक करार एक किंवा दोन वर्षांचे असतात. एचडीबीचे घर सहा महिन्यांपेक्षा आणि खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देणे बेकायदा आहे. अनामत रक्कम दर वर्षाच्या करारामागे एका महिन्याचे भाडे, अशी रीत आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.४ टक्के असून ते भाडेकरूने सहीनंतर १४ दिवसांत भरायचे असते. ते भरले नसेल तर वाद झाल्यावर करार न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही.

दोन वर्षांच्या करारात, नोकरी गेली किंवा बदली झाली तर बारा महिन्यांनंतर दोन महिन्यांच्या सूचनेने घर सोडता येईल, अशी अट आग्रहाने घालून घ्यावी. येथे तिला डिप्लोमॅटिक क्लॉज म्हणतात आणि मुत्सद्देगिरीशी तिचा काही संबंध उरलेला नाही. परवान्याची मुदत आणि कराराची मुदत यांचा मेळ बसत नसेल, तर या एका कलमावर हजारो डॉलर अवलंबून असतात.

वातानुकूलन यंत्रांची दर तीन महिन्यांनी सफाई करून घेणे ही भाडेकरूची जबाबदारी असते आणि घर सोडताना त्या पावत्या मागितल्या जातात. ताबा घेतल्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, नळाचा आणि फरशीवरच्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला पाठवावा. एजंट सरकारी नोंदवहीत आहे की नाही, हे नोंदणी क्रमांकावरून तपासता येते. ते तपासण्याआधी आणि घर प्रत्यक्ष पाहण्याआधी एक डॉलरही देऊ नये.

भारतीयांना घर नाकारले जाते, हे खरे आहे का?

कधीकधी, होय. याचे एक कारण कायदेशीर आहे. एचडीबीचे अख्खे घर परदेशी माणसाला भाड्याने देण्यावर कोटा आहे: मलेशियन सोडून इतर परदेशी भाडेकरूंची घरे परिसरात ८ टक्क्यांपेक्षा आणि एका इमारतीत ११ टक्क्यांपेक्षा जास्त होऊ देत नाहीत. कोटा भरलेला असेल तर मालकाची इच्छा असूनही घर मिळत नाही. दुसरे कारण कायद्यात नाही. फोनवर आडनाव सांगितले की “घर गेले” असे उत्तर मिळते आणि जाहिरात पुढे महिनाभर तशीच राहते. काही जण थेट विचारतात की तुम्ही रोज स्वयंपाक करता का, आणि त्या प्रश्नातला ‘स्वयंपाक’ म्हणजे फोडणी. आम्हाला सातव्या घराने होकार दिला. त्या मालकीणबाईंनी आम्ही काय शिजवतो ते न विचारता शेगडीवरची चिमणी कशी साफ करायची तेवढे दाखवले. चांगले घर मिळते, पण शोधासाठी तीन-चार आठवडे धरावेत आणि तोपर्यंतची सोय कंपनीकडून मागून घ्यावी.

हवामान मुंबईसारखेच आहे ना? मग अडचण काय?

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर आहे. बारा महिने दिवसा ३१-३२ आणि रात्री २४-२५ अंश, हवा सदैव दमट. वर्षाचा पाऊस सुमारे २,१०० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या जवळपास, पण मुंबईत जे चार महिन्यांत कोसळते ते येथे वर्षभरातल्या सुमारे १७० दिवसांवर विखुरलेले असते. डिसेंबर-जानेवारीत पाऊस अधिक असतो. मधल्या महिन्यांत पहाटे पश्चिमेकडून वादळी सर येते. तिला येथे सुमात्रा म्हणतात, आणि तासाभरात ती निघून जाते.

अडचण अशी की ऋतू बदलत नाही. मे महिन्याचा काहिली उन्हाळा नाही, त्यामुळे पहिल्या पावसाचा आनंदही नाही. थंडी नाही, त्यामुळे गोधडी नाही. काही वर्षांनी जुने फोटो पाहताना कोणता महिना होता तेच आठवत नाही, कारण सगळ्या फोटोंत तेच कपडे आणि तीच हिरवळ. हे फारसे कोणी सांगत नाही, पण मनावर त्याचा परिणाम होतो.

वस्तूंवर होणारा परिणाम मात्र लगेच दिसतो. आम्ही एका डिसेंबरात पाच आठवडे पुण्याला गेलो आणि सगळी दारे-खिडक्या घट्ट बंद करून गेलो. परत आल्यावर कपाट उघडले तर चामड्याच्या पट्ट्यावर करडी-हिरवी लव उगवली होती आणि पत्नीच्या लग्नातल्या पैठणीच्या घडीवर बुरशीचे ठिपके होते. तेव्हापासून कपाटात ओलावा शोषणारे डबे ठेवतो, पैठणी पुण्याला सासूबाईंकडे असते, आणि गावाला जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायला सांगतो. पापड, शेवया आणि मसाले हवाबंद डब्यांतच ठेवावेत. वाळवणाचा नाद येथे सोडून द्यावा.

सूर्योदय सातच्या सुमारास आणि सूर्यास्तही सातच्या सुमारास, वर्षभर. भौगोलिक स्थानाच्या मानाने येथील घड्याळ पुढे आहे. १९८२ मध्ये मलेशियाशी जुळवून घेताना ते अर्धा तास आणखी पुढे सरकवले. साडेसातला भरणाऱ्या शाळेसाठी मुलांना अंधारातच बाहेर काढावे लागते. भारतापेक्षा येथील वेळ अडीच तास पुढे असल्याने भारतात घरी संध्याकाळी साडेसातला फोन करायचा तर येथे रात्रीचे दहा झालेले असतात.

डास आणि धूर यांबद्दल ऐकले आहे. काळजीचे कारण आहे का?

डेंग्यू येथे कायमचा आहे. २०२० साली ३५,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली. सरकारी निरीक्षक घरात येऊन साचलेले पाणी तपासतात आणि अळी सापडली तर दंड करतात. मराठी घरात ती सापडण्याची जागा ठरलेली आहे: तुळशीच्या कुंडीखालची ताटली. ती काढून टाकावी.

धुराचे संकट दरवर्षी येत नाही. शेजारच्या इंडोनेशियात जंगल आणि दलदलीची जमीन पेटली आणि वारे तिकडून वाहू लागले की शहर धुरकटते. जून २०१३ मध्ये प्रदूषणाचा निर्देशांक ४०१ पर्यंत गेला होता आणि सप्टेंबर २०१५ मध्ये एक दिवस शाळा बंद ठेवाव्या लागल्या. घरात दमेकरी असेल तर हवा शुद्ध करणारे यंत्र आधीच घेऊन ठेवावे, कारण धूर आल्यावर ते दुकानांत मिळत नाही.

सामानात काय आणावे आणि काय आणू नये?

आणण्याची यादी छोटी आहे. लिटिल इंडियातील टेक्का बाजारात आणि रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या मुस्तफा दुकानात कढीपत्त्यापासून ज्वारीच्या पिठापर्यंत बहुतेक सगळे मिळते. टेक्कात नारळ समोर खवून देतात, आणि मोसमात हापूसही येतो, किंमत विचारायची तयारी असेल तर. गोडा मसाला, मेतकूट, कोकम, मोदकपात्र आणि पुरणयंत्र मात्र घरून आणावे.

न आणण्याच्या यादीत खसखस पहिली. तिच्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो म्हणून येथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे. अनारसे, खसखस घातलेले करंजीचे सारण, खसखशीचे लाडू, तयार वाटण मसाले यांत ती असते आणि आईने प्रेमाने भरून दिलेल्या डब्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते. आईलाच आधी सांगावे. तंबाखू, गुटखा, खैनी, व्हेप आणि च्युइंग गम आणू नये. औषधे तीन महिन्यांपुरती आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणावीत. झोपेच्या गोळ्या आणि कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांना आधी परवानगी लागते.

मुलांच्या शाळेचे काय? मराठी शिकता येते का?

सरकारी शाळा उत्तम आहेत, परंतु परदेशी मुलांना प्रवेश अवघड आहे. पहिलीच्या प्रवेशात त्यांचा क्रमांक नागरिक आणि कायम रहिवाशांनंतर लागतो. वरच्या इयत्तांसाठी वर्षातून ठरावीक वेळी इंग्रजी आणि गणिताची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि उत्तीर्ण झाले तरी जागा मिळेल तेथे जावे लागते. प्राथमिक शाळेचे परदेशी मुलांसाठीचे शुल्क महिना नऊशे डॉलरच्या आसपास आहे. शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होते, म्हणून जूनमध्ये आलेल्या मुलाचे निम्मे वर्ष अधांतरी जाते. दुसरा मार्ग भारतीय अभ्यासक्रमाच्या खासगी शाळांचा. वर्षाला साधारण पंधरा ते पंचवीस हजार डॉलर लागतात आणि पुढेमागे परतायचे असेल तर तोच मार्ग सोयीचा पडतो.

भाषेबद्दल पालकांची निराशा होते. तमिळ ही येथील चार राजभाषांपैकी एक आहे. भारतीय मुलांना शाळेत मातृभाषा म्हणून तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू घेता येते; मराठी त्या यादीत नाही. बहुतेक मराठी मुले हिंदी घेतात आणि त्यांच्या कागदपत्रांवर ‘मातृभाषा: हिंदी’ असे छापून येते. महाराष्ट्र मंडळ सिंगापूर आणि त्याभोवतीची माणसे मराठीसाठी पुष्कळ करतात, पण मराठी टिकते ती घरात मुलांशी मराठीतच बोलणाऱ्या आईवडिलांमुळे. आमची मुलगी आजीशी मराठीत बोलते, परंतु ‘ळ’ च्या जागी ‘ल’ येतो आणि आजी ते दुरुस्त करत नाही.

गाडी घ्यावी का?

नको. गाडीच्या किमतीखेरीज ती रस्त्यावर आणण्याच्या हक्काचे प्रमाणपत्र लिलावात विकत घ्यावे लागते. अलीकडे लहान गाडीसाठीही त्याचा भाव एक लाख डॉलरच्या आसपास किंवा वर राहिला आहे, आणि त्याची मुदत दहा वर्षे. मेट्रो आणि बस यांनी सगळीकडे जाता येते, बँकेच्या कार्डाने भाडे भरता येते, आणि घर निवडताना मेट्रो स्थानक पायी दहा मिनिटांत असावे एवढे पाहिले की पुरे. त्या दहा मिनिटांच्या वाटेवर छप्पर आहे का, हेही पाहावे.

आजारपणाचा खर्च कसा भागतो?

परदेशी माणसाला सरकारी रुग्णालयातही सवलत नाही. पूर्ण दर लागतो. एम्प्लॉयमेंट पासवरील माणसाचा विमा काढणे कंपनीला बंधनकारक नाही, त्यामुळे करारात विमा आहे का, तो कुटुंबाला लागू आहे का, आणि बाळंतपण त्यात येते का, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारावेत. साध्या तापासाठी वसाहतीतल्या डॉक्टरकडे जावे. तेथे तपासणीनंतर औषधेही दवाखान्यातूनच मिळतात, चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जावे लागत नाही. दाताच्या कामासाठी मात्र अनेक जण पुण्याच्या फेरीची वाट पाहतात, आणि हिशेबाने ते बरोबरच आहे.

आईवडिलांना कायमचे आणता येईल का?

तुमचा पगार किमान १२,००० डॉलर असेल तर त्यांच्यासाठी दीर्घ मुदतीच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. तोही तुमच्या परवान्याशी बांधलेला. त्याखालील पगारात ते पाहुणे म्हणून येऊ शकतात. नियमांपेक्षा त्यांच्या दिवसाचा विचार आधी करावा. पदपथ सपाट आहेत, उद्याने सुंदर आहेत, उद्वाहने चालू असतात. तरी सकाळी नऊ ते संध्याकाळी सातपर्यंत त्यांच्याशी बोलणारे कोणी नसते. वडील पहिल्या मुक्कामात रोज खालच्या बाकावर जाऊन बसत. शेजारचे चिनी आजोबा तेथेच बसत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण महिनाभराने दोघे एकाच वेळी खाली उतरू लागले. सगळ्यांच्या नशिबी असा बाक येत नाही. ज्येष्ठांसाठी आरोग्यविमा भारतातूनच काढून आणावा.

घरकामाला बाई मिळते का?

धुणे-भांड्यांपुरती रोज येणारी बाई येथे नाही. तासावर साफसफाई करणाऱ्या माणसाला तासाला वीस-पंचवीस डॉलर पडतात. पूर्णवेळ घरात राहणारी परदेशी कामगार ठेवली तर तिचा पगार, विमा, जेवण आणि त्यावर सरकारला महिना किमान ३०० डॉलर कर द्यावा लागतो. तिला आठवड्याची सुट्टी आणि निजायला नीट जागा द्यायची असते, हे वेगळे सांगावे लागू नये. पण सांगावे लागते. आमच्या घरी भांडी मुलगा घासतो.

सण साजरे करता येतात का?

येतात, आवाज सांभाळून. दिवाळीची सुट्टी एकच दिवस असते, त्यामुळे लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज कार्यालयातून परतल्यावर. फटाक्यांवर १९७२ पासून बंदी आहे. गणपती शाडूचा आणावा आणि घरीच टबात विसर्जन करावे. समुद्रात मूर्ती सोडण्याचा विचार करू नये. गुढी बाहेर काठीवर उभारताना ती खाली पडणार नाही याची खात्री करावी, कारण वरून वस्तू खाली पडणे हा येथे गुन्हा आहे. आम्ही गुढी गॅलरीच्या आतच उभारतो.

कायम रहिवासी व्हावे का?

अर्ज करता येतो; मंजुरीचे निकष उघड केले जात नाहीत आणि नकाराचे कारण सांगत नाहीत. मिळाले तर परवान्याची टांगती तलवार दूर होते, भविष्यनिर्वाह निधी सुरू होतो आणि शाळेचे शुल्क उतरते. परदेशी माणसाला घर घेताना एप्रिल २०२३ पासून जो ६० टक्के अतिरिक्त मुद्रांक शुल्क लागतो, तो कायम रहिवाशाला पहिल्या घरासाठी ५ टक्केच आहे. तरी ‘कायम’ या शब्दावर जाऊ नये. परदेशी जाऊन परत येण्याचा परवाना सामान्यतः पाच वर्षांचा असतो आणि एचडीबीचे विकत घेतलेले घरही ९९ वर्षांच्या पट्ट्यावर असते.

मुलगा असेल तर हा प्रश्न वेगळा होतो. आईवडिलांबरोबर कायम रहिवासी झालेल्या मुलाला अठराव्या वर्षानंतर सुमारे दोन वर्षे सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. ती टाळण्यासाठी रहिवास सोडला तर पुढे त्याला येथे शिकायला किंवा नोकरीला येताना ते आडवे येऊ शकते. मुलगा सहा वर्षांचा असताना ही सही आईवडील करतात आणि सेवा मात्र त्याला करायची असते. आम्ही अर्ज केलेला नाही. ज्यांनी केला त्यांना आम्ही चुकीचे म्हणत नाही.

परतताना काय काय करावे लागते?

निघण्याच्या किमान एक महिना आधी कंपनीने करखात्याला कळवणे बंधनकारक आहे, आणि कळवल्यापासून करहिशेब पूर्ण होईपर्यंत ती तुम्हाला देय असलेली सगळी रक्कम रोखून धरते. म्हणजे ज्या महिन्यात सामानाचा कंटेनर आणि विमानाची तिकिटे यांचे पैसे द्यायचे असतात, त्याच महिन्याचा पगार हाती येत नाही. त्यासाठी वेगळी शिल्लक ठेवावी. बँकखाते शेवटचा परतावा येईपर्यंत चालू ठेवावे, आणि भारतातले अनिवासी खाते परतल्यावर निवासी करून घ्यावे.

घराचा ताबा देण्याचा दिवस सर्वांत लांब असतो. आमचे पहिले घर सोडताना एजंटने खिशातून पांढरा रुमाल काढून चिमणीच्या वरच्या कडेवर, पंख्याच्या पात्यांवर आणि दाराच्या चौकटीवर फिरवला. सगळे स्वच्छ निघाले. मग तो ओट्यापाशी थांबला. शेगडीच्या डाव्या बाजूला, मिसळणाचा डबा चार वर्षे जेथे ठेवला जाई तेथे, बांगडीएवढे हळदीचे पिवळे वर्तुळ होते. त्याचे १८० डॉलर अनामतीतून कापले गेले. आता आमच्या ओट्यावर डब्याखाली स्टीलची ताटली असते.